कोरडं कडधान्य की कॅनमधलं: खरंच स्वस्त काय पडतं?

शेवग्याची_शेंग
मंडळी, घरात तीन आठवडे एक वाद चालू आहे. त्याचा निकाल इथेच लागेल म्हणून धागा काढतेय.

आम्ही म्युनिकला असतो, दोघंच. मी दर शनिवारी रात्री राजमा, छोले, चवळी असं काहीतरी भिजत घालते. नवऱ्याचं म्हणणं, हा सगळा माहेरून आणलेला उद्योग आहे, इथला विजेचा दर बघता कॅन आणणंच स्वस्त. त्याचा हिशेब असा: सुपरमार्केटमध्ये राजम्याचा ४०० ग्रॅमचा कॅन ७९ सेंटला. कोरड्या राजम्याचं अर्ध्या किलोचं पाकीट १ युरो ९९ सेंटला. म्हणजे किलोमागे कॅन साधारण १.९८ आणि कोरडा ३.९८. "वर वीज. वर रविवारी सकाळी माझी झोपमोड करणाऱ्या शिट्ट्या." आमचं विजेचं युनिट ३६ सेंटला आहे.

मनातून पटत नाही, पण कागदावर उत्तर देता येईना. कुणी नीट हिशेब केलाय का? चवीचं सांगू नका, चवीत कोरडंच जिंकतं हे त्यालाही मान्य आहे. फक्त पैशांचं बोला.

गणंग
"फक्त पैशांचं बोला" असं बजावलेल्या धाग्यावर विसाव्या प्रतिसादाच्या आत आजी, आरोग्य आणि अपचन येणार. मी लाह्या घेऊन बसतो. (मका कोरडा. कॅनमधला नव्हे.)

पेठेतली
शिट्ट्यांनी झोपमोड होत असेल तर त्यालाच उठून तिसऱ्या शिट्टीला बंद करायला सांगा. एका दगडात दोन पक्षी.

हिशेबनीस
शेंगताई, तुमच्या यजमानांनी पहिल्याच ओळीत घोळ घातलाय. ४०० ग्रॅमच्या कॅनमध्ये ४०० ग्रॅम राजमा नसतो, त्यात पाणी असतं. डब्यावर बारीक अक्षरात निथळलेलं वजन छापलेलं असतं ते बघा, २५०च्या आसपास असेल. आणि तो राजमा शिजून फुगलेला. कोरडा अर्धा किलो शिजवला की १२०० ग्रॅमच्या घरात जातो. तुलना करायची तर शिजलेल्याची शिजलेल्याशी करा. भिजलेल्या माणसाचं वजन कोरड्या माणसाशी ताडून चालत नाही.

आता तुमच्याच आकड्यांनी:

कॅन: २५० ग्रॅमला ७९ सेंट, म्हणजे शिजलेल्या किलोला ३.१६ युरो.

कोरडा: १.९९ मध्ये १.२ किलो, म्हणजे किलोला १.६६. वीज अर्धं युनिट धरली (कुकरला तेवढी पुरावी) तर १८ सेंट, किलोमागे १५. एकूण १.८१.

म्हणजे निम्म्याहून जरा वर. विषय संपला.

शेवग्याची_शेंग
हिशेबनीस, तुम्हाला मनापासून धन्यवाद. प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. स्वारी उठून फडताळातला डबा घेऊन आली, उलटा केला, "आबट्रॉप्फगेविष्ट २५० ग्रा." (म्हणजे तेच, निथळलेलं वजन) असं वाचलं आणि पाच मिनिटं गप्प.

सहाव्या मिनिटाला: "पण आपण कुठे अर्धा किलो शिजवतो? दोघांना एक वाटी. वीज तर तेवढीच जाते."

हिशेबनीस
मुद्दा बरोबर आहे, मानलं त्यांना. एका कॅनएवढा, म्हणजे २५० ग्रॅम शिजलेला राजमा हवा तर कोरडा १०५ ग्रॅम लागेल. ४२ सेंट. कुकर कमी भरला तरी वीज काही पाचपट कमी होत नाही, ०.४ युनिट धरू. १४ सेंट. झाले ५६. कॅन ७९. तरी २३ सेंट वाचले.

पण तुमच्याकडे कुकर नाही आणि साध्या पातेल्यात दीड तास रटरटवताय असं धरलं, तर एक युनिट आरामात जाईल. ४२ + ३६ = ७८.

एका सेंटाचा फरक! तेव्हा पाकीट सुपरमार्केटचं, एकच वाटी, आणि उघडं पातेलं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच यजमान जवळजवळ बरोबर.

दूरचा_राघू
न्यू जर्सीहून. हिशेब वाचून मजा आली. आमच्याकडे रेसिपीत "एक कॅन" लिहिलेलं असतं, त्यावरून मी माझं माप ठरवलंय. इथला कॅन १५ औंसाचा, निथळून साधारण दीड कप दाणे. एक पौंड कोरडे दाणे शिजवले की सहा कप होतात, म्हणजे चार कॅन. दोन रविवारांतून एकदा दोन पौंड छोले इलेक्ट्रिक कुकरला लावतो, गार झाले की दीड-दीड कप पिशव्यांत भरून, चपट्या करून फ्रीजरमध्ये. चपट्या केल्या की पुस्तकांसारख्या उभ्या राहतात आणि गरम पाण्यात दहा मिनिटांत सुटतात. थोडं शिजवलेलं पाणीही घाला, नाहीतर दाणे कोरडे पडतात.

हे माझे घरचे कॅन. वीज एकदाच, भिजवणं एकदाच, आणि मंगळवारी संध्याकाळी सातला घरी आल्यावर "भिजत घालायचं राहिलं" ही बोंब नाही.

वालपापडी
कॅनमध्ये वाल मिळतात का कुठे?

पेठेतली
परदेशातल्यांचं चालू द्या. पुण्यात कॅनचा प्रश्नच नाही. मॉलमध्ये परवा राजम्याचा कॅन १३० रुपयांना पाहिला आणि परत ठेवला. कोरडा राजमा १६० रुपये किलो. त्या कॅनएवढ्याला १७ रुपयांचा राजमा लागतो. गॅस किती जातो कुणी सांगेल का?

आमच्याकडचा खरा वाद मोडांच्या पाकिटावरून आहे. कोपऱ्यावरची भाजीवाली मोड आलेली मटकी ३० रुपयांना २०० ग्रॅम देते. सासूबाई म्हणतात, "पाण्याचे पैसे देऊन आलीस." मी म्हणते, पाण्याचे नाही, आठवणीचे देऊन आले. काल रात्री दहाला कुणाला आठवलं होतं भिजत घालायचं?

हिशेबनीस
@पेठेतली, गॅस: सिलिंडर १४.२ किलोचा, भाव सोयीसाठी ९०० धरा, म्हणजे किलोला ६३ रुपये. कुकरला प्रेशर येईपर्यंत मोठी आच आणि मग बारीक आचेवर वीस मिनिटं, सगळं मिळून ५०-६० ग्रॅम गॅस. साडेतीन रुपये. १७ + साडेतीन = साडेवीस. समोर १३०. भारतात कॅन ही चैन आहे, हिशेब नव्हे.

मोडांचं: मटकी भिजून मोड आले की वजन दुपटीच्या थोडं वर जातं. २०० ग्रॅमला ९०-१०० ग्रॅम कोरडी. १३० रुपये किलोने १३ रुपये. पाकिटामागे १७ रुपये जास्त.

सासूबाई तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत. पण १७ रुपयांत घरातली शांतता मिळत असेल तर भाव चांगला आहे.

गणंग
सासूबाई "तांत्रिकदृष्ट्या बरोबर" हे वाक्य छापून फ्रीजवर लावू नका. अनुभवाचे बोल.

लीड्सकर
इथे इंग्लंडात राजम्याचा टिन पन्नास-साठ पेन्सला मिळतो, त्यामुळे फरक आणखी कमी. मी स्लो कुकर घेतलाय. सकाळी राजमा टाकून ऑफिसला, संध्याकाळी तयार. वीज नावाला. तुमच्या कुकरच्या शिट्ट्यांचा प्रश्नच मिटला.

रसायनवेडा
@लीड्सकर, थांबा. राजमा स्लो कुकरमध्ये थेट टाकू नका.

लाल राजम्यात एक लेक्टिन (एक प्रकारचं प्रथिन) असतं, फायटोहिमॅग्लुटिनिन. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोरदार उलट्या सुरू होऊ शकतात. ते उकळत्या पाण्यातच मरतं. बरेच स्लो कुकर बारीक आचेवर ८० अंशांच्या आसपास घुटमळतात. तेवढ्याने राजमा मऊ दिसतो, पण विष जात नाही, उलट कच्च्यापेक्षा वाढू शकतं. रीत अशी: निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात खळखळून उकळायचा. इंग्लंडात दहा मिनिटं सांगतात, अमेरिकेत अर्धा तास. मग खुशाल स्लो कुकरमध्ये. आपल्या प्रेशर कुकरला हा प्रश्न नाही, तिथे तापमान १२० अंशांच्या जवळ जातं. कॅनमधला राजमाही डबा बंद करून तेवढ्याच तापमानाला शिजवलेला असतो, तो थेट खाल्ला तरी चालतो.

लीड्सकर
बापरे. दोनदा पोट बिघडलं होतं आणि मी बाहेरच्या समोशाला दोष दिला. आता आधी उकळीन. समोशाची जाहीर माफी.

अळसांदो
मडगांवहून. आमच्याकडे अळसांद्यांचं तोणाक (रस्सा) पावासोबत, रविवारी सकाळचं. गावठी अळसांदे चवळीपेक्षा मोठे आणि बाजारात महाग, पण कॅनमधल्या कुठल्याच दाण्याला ती चव नाही. (चवीचं बोलू नका म्हटलंय, माफ करा.)

पैशांचा मुद्दा एवढाच: भिजवायला विसरलात तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं उकळा, झाकून तासभर ठेवा. रात्रभराचं काम तासात होतं. चवळी-अळसांद्यांना तर तेवढंही लागत नाही.

गणंग
सासूबाई आल्या, चव आली, उलट्या आल्या. वायू बाकी आहे.

पेठेतली
वायूचं मी सांगते. भिजवलेलं पाणी फेकायचं, फोडणीत हिंग-ओवा, आणि मोड आणले तर आणखी बरं.

रसायनवेडा
पेठेतलीताईंना अनुमोदन. कडधान्यात रॅफिनोज आणि स्टॅकियोज नावाच्या साखरा असतात. आपल्याला त्या पचत नाहीत, आतड्यातल्या जिवाणूंना पचतात, आणि त्यांच्या मेजवानीचा आवाज आपल्याला येतो. भिजवून पाणी फेकलं की काही निघून जातात, मोड येताना दाणा स्वतःच त्या वापरतो. कॅनचे दाणे निथळून धुतले तरी थोडा फायदा होतो, शिवाय कॅनमधलं सोडियम साधारण ४० टक्के कमी होतं. रक्तदाबवाल्यांनी धुतल्याशिवाय वापरूच नयेत.

जाता जाता, छोल्यांच्या कॅनमधलं पाणी ओतून देऊ नका. मिक्सरने फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुगतं. २०१५ पासून त्याला "अक्वाफाबा" असं भारदस्त नाव आहे.

हिशेबनीस
म्हणजे निथळलेलं पाणीही माल झालं? माझा हिशेब परत मांडायला लावू नका.

शेवग्याची_शेंग
वाचतेय सगळं. एक अडचण: आमच्याकडे काही वेळा राजमा रात्रभर भिजवूनही आठ शिट्ट्यांत शिजत नाही. मग परत कुकर लावायचा, परत वीज. नवऱ्याच्या हिशेबात ती दुसरी फेरी येते आणि तिथे माझी बोलती बंद होते. इथलं पाणी जड आहे, केटलमध्ये महिन्यात पांढरा थर साचतो. त्याचा काही संबंध?

रसायनवेडा
पूर्ण संबंध. दाण्याच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं, मग ते विरघळत नाही. बोअरवेलच्या पाण्यात डाळ शिजत नाही ते याच कारणाने. भिजवतानाच्या पाण्यात मीठ घाला, लिटरला एक सपाट चमचा. सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं आणि सालं मऊ होतात. "मिठाने कडधान्य कडक राहतं" हे ऐकीव आहे, खरा गुन्हेगार आंबट. टोमॅटो, चिंच, कोकम दाणा शिजल्यावरच. चिमूटभर खायचा सोडाही चालतो, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व जातं आणि जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

हे करूनही शिजला नाही तर माल जुना आहे.

साताऱ्याचा_गडी
जुन्या मालाबद्दल दोन शब्द बोलतो. आमचं कोरेगाव तालुक्यात शेत आहे, वाघ्या घेवडा करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राजम्याचाच भाऊ, दाण्यावर वाघासारखे पट्टे, त्याला भौगोलिक मानांकन आहे. पावसाळ्याच्या तोंडाला पेरतो आणि अडीच महिन्यांत निघतो. नवा माल घरी शिजवला तर दोन-तीन शिट्ट्यांत लोणी. तोच दाणा उन्हाळाभर पत्र्याखालच्या गोदामात पडला की पुढच्या वर्षी दगड. ऊब आणि दमटपणा या दोन्हींनी दाणा आतून घट्ट होतो. वरून ओळखू येत नाही, पॉलिश केला असेल तर अजिबातच नाही.

पाकिटावर पॅकिंगची तारीख असते, पिकाची नसते. तुम्ही म्हणता कोरडा टिकतो. किडत नाही हे खरं, पण म्हातारा होतो. तुमची स्वस्ताई दोन किलोच्या पिशवीत असेल आणि ती दीड वर्ष पुरणार असेल तर शेवटच्या अर्ध्या किलोला वीज दुप्पट लागणार. हिशेबनीस साहेबांनी हे धरलेलं दिसत नाही.

हिशेबनीस
नव्हतं धरलं. कान पकडतो.

पेठेतली
आणि किडत नाही असंही नाही हं. मागच्या पावसाळ्यात चार किलो मटकी स्वस्त म्हणून भरली, दोन महिन्यांत डब्यात भुंगे. उन्हात वाळवली, पाखडली, शेवटी अर्धी टाकली. आता कडधान्य आणलं की आधी चार दिवस फ्रीजरमध्ये, मग डब्यात.

गणंग
कुणी माझ्याबद्दल बोललंच नाही. मूठभर मटकीत आम्ही गणंग दाणे दोघं-तिघं असतोच. भिजत नाही, मोड येत नाही, शिजत नाही, आणि बरोबर सासऱ्यांच्या दाढेखाली येतो. दाताच्या डॉक्टरची फी कोरड्याच्या खात्यात धरा. कॅनमध्ये आम्हाला प्रवेश नाही, हा अन्याय आहे.

शेवग्याची_शेंग
=)) नवऱ्याने हा मुद्दा वहीत लिहून घेतला.

दूरचा_राघू
वेळेचं कुणी बोलत नाहीये. माझे दोन पौंडांचे छोले म्हणजे निवडणं, धुणं, पिशव्या भरणं, कुकर घासणं, धरून चाळीस मिनिटं. आठ कॅन होतात. म्हणजे कॅनमागे पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांची किंमत पगाराच्या दराने लावली तर कॅनच स्वस्त निघतो.

हिशेबनीस
त्या पाच मिनिटांत तुम्ही पगार कमावणार होतात का? नाही. मोबाइल बघणार होतात. रिकाम्या वेळेला पगाराचा दर लावणं ही हिशेबाची जुनी चूक आहे.

वालपापडी
हिशेबनीस, इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. "रिकामा वेळ" म्हणजे काय हे कोण ठरवतं?

मी मूळची अलिबागची, आता दादरला. आमच्याकडे वालाचं बिरडं म्हणजे सणाचा पदार्थ. पहिल्या दिवशी वाल भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ठेवायचे. तिसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. एकेक. आठ माणसांच्या घरात आई आणि काकू परातीभर वाल घेऊन बसायच्या, आणि बाबा-काका बातम्या ऐकत चहा प्यायचे. "बिरडं काय, घरच्या वालाचं, खर्च किती तो!" असं आमचे काका दरवेळी म्हणायचे. खर्च कमी होता कारण दोन बायकांची आख्खी दुपार कुणी मोजलीच नव्हती.

आता दादरच्या बाजारात सोललेले वाल घेऊन बायका बसतात. परवा पाव किलोचे ९० रुपये दिले. माझ्या मागच्या बाई म्हणाल्या, "केवढे महाग!" मी घरी येऊन हिशेब केला. तेवढ्याला साधारण दीडशे ग्रॅम कोरडे वाल लागतात, ३३-३५ रुपयांचे. राहिले ५५. त्या ५५ रुपयांत तीन दिवसांची राखण आणि पाऊण तासाचं सोलणं, आणि पहाटेची लोकल. मला तरी ते महाग वाटले नाहीत, लाजिरवाणे स्वस्त वाटले.

तेव्हा कॅन स्वस्त की कोरडं, याच्या आधी एक प्रश्न विचारा. भिजत कोण घालतं?

पेठेतली
+१००. उभी राहून टाळ्या.

अळसांदो
खरं आहे.

हिशेबनीस
माझी बाजू मागे घेतो. रिकामा वेळ ज्याचा त्याने ठरवावा, दुसऱ्याचा आपण धरू नये. आमच्या घरी कडधान्य बायको भिजत घालते. मी फक्त किलोचा भाव विचारतो. आत्ता लिहिताना जाणवलं.

गणंग
धागा गंभीर झाला. कुणीतरी पापड भाजा.

लीड्सकर
मी एकटा राहतो. भिजवणारा मीच, विसरणारा मीच, फेकणाराही मीच. माझ्यापुरतं: डाळी, मसूर, चवळी, मूग कोरडे, कारण त्यांना भिजवायचं झंझट नाही. राजमा-छोले टिनचे. टिन रिसायकलला जातो. एवढ्यावर माझा विषय संपतो.

दूरचा_राघू
अवांतर: कॅनचं पेटंट १८१०चं आहे, आणि तो उघडायचं खास हत्यार यायला त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षं गेली. तोवर छिन्नी-हातोडा. आपल्या पिचक्या ओपनरला नावं ठेवताना मला हे आठवतं.

पेठेतली
आमच्याकडे सुरीच्या मागच्या बाजूने. परंपरा चालू आहे.

शेवग्याची_शेंग
मंडळी, निकाल घेऊन आलेय. उशीर झाला कारण प्रयोग केला.

मैत्रिणीकडून प्लगला लावायचा वीजमापक आणि सुटी इंडक्शन शेगडी आणली. अर्धा किलो राजमा, रसायनवेडांच्या सांगण्याप्रमाणे मिठाच्या पाण्यात रात्रभर. सकाळी पाणी फेकून धुतला, ताज्या पाण्यात कुकरला. नवरा स्वतः उठून मापकासमोर वही घेऊन बसला होता, शिट्ट्या मोजत. (तीन आठवड्यांत शिट्टीबद्दल पहिल्यांदा तक्रार नाही.) एकूण ०.४४ युनिट. म्हणजे १६ सेंट. शिजलेला राजमा निथळून ११८० ग्रॅम. पहिल्याच फेरीत लोण्यासारखा. हिशेबनीस, तुमचा अंदाज अगदी जवळ होता.

एका कॅनएवढ्या राजम्याला आम्हाला ४६ सेंट पडले. कॅन ७९. फरक ३३ सेंट. आम्ही आठवड्याला एक कॅनभर खातो, म्हणजे वर्षाला १७ युरो. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तीन आठवडे आम्ही १७ युरोंसाठी भांडत होतो.

पण गंमत पुढे आहे. तो म्हणाला, आता वाया गेलेलंही लिही, प्रामाणिकपणे. मागच्या तीन महिन्यांचं आठवून लिहिलं. बारा वेळा भिजत घातलं. त्यातले दोनदा ऐनवेळी बाहेर जावं लागलं आणि चवळीला वास आला, फेकली. एकदा भिजत घालायलाच विसरले, रविवारी दुपारी भूक लागली, पिझ्झा मागवला. दोघांचा मिळून २३ युरो.

म्हणजे त्या एका पिझ्झ्याने वर्षाची बचत खाऊन वर सहा युरो उधारी केली. वीज, पाणी, शिट्ट्या यांच्यावर आम्ही उगाच आळ घेतला.

आता राघूंची पद्धत चालू केलीय. महिन्यातून एकदा एक किलो, पिशव्या फ्रीजरमध्ये. फडताळात दोन कॅन कायमचे, पिझ्झ्यावर उतारा म्हणून. आणि वालपापडीताई, तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचला नाही, फोन त्याच्या हातात दिला. काही बोलला नाही. या शनिवारी छोले त्याने भिजत घातले. पातेल्यात पाणी बेताचं घातलं होतं, सकाळी वरचे छोले पाण्याबाहेर डोकं काढून बसले होते, पण घातले.

हिशेबनीस
११८० ग्रॅम! आज जेवण गोड लागेल.

साताऱ्याचा_गडी
तिप्पट पाणी घालायला सांगा त्यांना. आणि माल नवा घ्या.

गणंग
मीठ घातलेल्या पाण्यात आम्हीसुद्धा भिजतो का, याचा प्रयोग कुणी करेल का? कुलातले बरेच जण वाट बघतायत.

रसायनवेडा
@गणंग, तुमचं सालच पाण्याला आत घेत नाही. तुम्हाला खरवडावं लागेल.

वालपापडी
शेंगताई, वाचून बरं वाटलं. पण वरती विचारलेल्या माझ्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. कॅनमध्ये वाल मिळतात का?

दूरचा_राघू
कॅनमध्ये नाही पाहिले. इथल्या देशी दुकानात मोड आलेले मूग आणि मटकी फ्रोझन मिळतात. सोललेल्या वालांचं पुढच्या खेपेला विचारून सांगतो.

वालपापडी
विचारा. सोललेले मिळाले तर भाव सांगू नका, थेट पिशवी घ्या.